सारस मोजायचा कसा? गोंदिया-भंडाऱ्यातील नव्या स्वयंसेवकांसाठी

पाच फुटांहून उंच, राखाडी अंगाचा आणि लालभडक डोक्याचा पक्षी उघड्या शेतात असूनही दिसत नाही, हे नवख्या माणसाला पटत नाही. मलाही पटले नव्हते. परंतु ऑगस्टच्या अखेरीस धान कमरेला लागलेले असते, बांधीच्या, म्हणजे धानाच्या शेततुकड्याच्या, धुऱ्यांवर (बांधांवर) तुरीची रांग उभी असते आणि घरट्यावर बसलेला सारस धोका जाणवला की मान खाली घालून जागच्या जागी स्तब्ध राहतो. अशा वेळी शंभर पावलांवरून जाणारा माणूसही काही न पाहता पुढे निघून जातो. जगातील उडणाऱ्या पक्ष्यांत सर्वांत उंच असलेल्या या पक्ष्याची मोजणी अवघड होते ती या लपण्यामुळे आणि त्याच्या अगदी थोड्या संख्येमुळे.

महाराष्ट्रात सारस आता मुख्यतः गोंदिया जिल्ह्यात उरला आहे. भंडाऱ्यात मोजकेच पक्षी आहेत आणि चंद्रपुरात एखादा दिसला तर बातमी होते. गोंदियाच्या उन्हाळी मोजणीचा आकडा अलीकडे तीस-चाळीसच्या आसपासच फिरतो. तिसांमध्ये तीन पक्षी चुकून दोनदा मोजले गेले, तर प्रत्यक्षात घट झालेल्या वर्षीही कागदावर वाढ दिसते. सारसांच्या घटत्या संख्येची दखल मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२१ मध्ये स्वतःहून घेतली, त्यानंतर तर या आकड्यांचे वजन आणखी वाढले आहे. म्हणून पहिल्यांदा मोजणीला येणाऱ्याने पक्षी किती दिसले यापेक्षा नोंद किती खरी झाली याची काळजी अधिक करावी.

आधी पक्ष्याचे वर्ष समजून घ्या

वर्षभरात सारसाची राहणी दोनदा बदलते आणि त्याप्रमाणे आपले कामही बदलते. उन्हाळ्यात बोड्या, म्हणजे शेतांतली लहान तळी, आटतात, मालगुजारी तलावांचे (मालगुजारांच्या काळातल्या जुन्या गावतलावांचे) पाणी मध्यावर येते, वैनगंगा आणि बाघ या नद्यांमध्ये डोहच तेवढे उरतात. पांगलेले सारस मग या उरलेल्या पाण्यावर येतात. मे संपता संपता आणि जूनच्या पहिल्या पंधरवड्यात, पहिला जोराचा पाऊस पडण्यापूर्वी, ते सर्वांत कमी ठिकाणी एकवटलेले असतात. एकूण संख्या काढायची ती याच दिवसांत.

पाऊस लागला की जोड्या आपापल्या हद्दीत परततात. रोवणीच्या सुमारास किंवा त्यानंतर, उथळ पाण्यातल्या देवधानात (रानधानात), पानकणसात किंवा थेट शेतकऱ्याच्या बांधीत, गवत-काड्यांचा मोठा ढीग रचून त्यावर मादी बहुधा दोन अंडी घालते. नर-मादी आळीपाळीने महिनाभराहून थोडे अधिक दिवस अंडी उबवतात. पिल्लू जन्मल्यावर एक-दोन दिवसांतच आईबापांमागे चालू लागते. उडायला मात्र त्याला तीन महिने लागतात. या काळात मोजायची ती घरटी.

धान कापून झाल्यावर, डिसेंबरपासून पुढे, शेते मोकळी होतात आणि सांडलेले दाणे टिपायला आईबाप पिल्लाला घेऊन उघड्यावर येतात. त्या वर्षीची किती पिल्ले जगली, हा तिसरा प्रश्न तेव्हा सुटतो. पक्षी किती, घरटी किती आणि पिल्ले जगली किती, हे तीन वेगळे प्रश्न आहेत. एका फेरीत तिन्हींची उत्तरे आणण्याचा उत्साह नवखे लोक हमखास दाखवतात आणि एकही उत्तर नीट आणत नाहीत.

ओळख पक्की करा

जवळून पाहिलेला सारस कोणी चुकत नाही. चूक होते ती अर्धा किलोमीटरवरून, धुक्यात किंवा उन्हाच्या झळांत. धानाच्या शेतात गोगलगायी टिपणारा मुग्धबलाक, म्हणजे उघड्या चोचीचा करकोचा, आणि पाण्याकाठी एकटा उभा असलेला राखी बगळा या दोघांनी माझी अनेकदा फसगत केली आहे. बगळा उडताना मान आखडून घेतो. सारस मान पुढे आणि पाय मागे सरळ ताणून उडतो. मुग्धबलाकही मान ताणूनच उडतो, पण तो उंचीला सारसाच्या निम्म्याच्या आसपास असतो आणि त्याच्या पंखांचा काळा रंग पांढुरक्या अंगावर उठून दिसतो. एखाद्या गाईशेजारी उभा असताना सारसाचे डोके तिच्या पाठीच्या वर गेलेले दिसते, ही खूण मला एका गुराख्याने दिली आणि ती आजवर चुकलेली नाही.

वय नोंदवताना डोके पाहा. प्रौढ सारसाचे डोके आणि मानेचा वरचा भाग पिसांविना लाल असतो. पिल्लाचे डोके व मान बदामी-तपकिरी पिसांनी झाकलेली असते. जूनपर्यंत मागच्या पावसाळ्यातले पिल्लू उंचीने आईबापांच्या बरोबरीला आलेले असल्यामुळे आकारावरून वय ठरवू नये. नर आणि मादी दिसायला सारखेच असतात. नर जरासा थोराड असतो, पण तेवढ्यावर विसंबून नर-मादी लिहू नये. जोडी जेव्हा माना आकाशाकडे करून एकत्र ओरडते तेव्हा मात्र फरक कळतो, कारण नराच्या एका लांब हाकेला मादी दोन-तीन आखूड हाकांनी साथ देते. तेवढे ऐकले असेल तरच तो रकाना भरावा, नाहीतर मोकळा सोडावा.

दुर्बिणीच्या आधी माणसे

मोजणीच्या दोन आठवडे आधी गावात जावे. सारस कुठे येतो हे आपल्यापेक्षा तीन जणांना अधिक ठाऊक असते: ज्याच्या बांधीत तो उतरतो तो शेतकरी, तलावात जाळे टाकणारा धीवर आणि गुरे घेऊन फिरणारा गुराखी. त्यांच्याशी बोलताना प्रश्नावली काढून बसू नये. आधी पाण्यापावसाचे, धानाचे, खताचे बोलणे होऊ द्यावे. "सारस दिसतो का?" या प्रश्नाला उत्तर नेहमी "दिसते ना जी" असेच येते, कारण पाहुण्याला नाही म्हणणे बरे दिसत नाही. त्याऐवजी शेवटचा कधी दिसला, किती होते, कुठून आले, कुठे गेले, असे विचारावे.

एका ऑगस्टमध्ये धुऱ्यावर बसलेल्या एका काकांनी मला सहज सांगितले, "जोडा त रोज येत होता जी, पर आठ दिवसांपासून एकटाच चरते." मी ते वहीत 'एक पक्षी' असे लिहून घेतले आणि पुढे निघालो. सोबतच्या जुन्या स्वयंसेवकाने मला थांबवून वहीत दुरुस्ती करायला लावली. सारसाची जोडी सहसा एकमेकांपासून फार लांब जात नाही. पावसाळ्यात रोज एकच दिसू लागला तर दुसरा बहुधा अंड्यांवर बसलेला असतो. काकांनी आम्हाला घरट्याचा पत्ता दिला होता आणि मी तो एका आकड्यात संपवला होता. तेव्हापासून मी शेतकऱ्याचे वाक्य त्याच्याच शब्दांत लिहून घेतो आणि अर्थ नंतर लावतो.

सोबत काय न्यावे

आठ पट मोठे दाखवणारी, बेचाळीस मिलिमीटर भिंगाची दुर्बीण पुरेशी होते. गटात एखादी तिपाईवरची मोठी दुर्बीण असेल तर पिल्लांचे डोके पाहायला ती उपयोगी पडते. वही आणि शिसपेन्सिल घ्यावी, कारण पावसात शाई पसरते आणि फोन ओला होतो. फोनमध्ये जीपीएस आणि दिशा दाखवणारे ॲप असावे व सर्वांची घड्याळे आदल्या रात्रीच फोनच्या वेळेशी जुळवून घ्यावीत. कपडे मळखाऊ रंगाचे असावेत. धुऱ्यावर चालताना हातात काठी असावी आणि उजेड होईपर्यंत पायाखाली विजेरी मारावी. पावसाळ्यात धुऱ्यांवर घोणस आणि मण्यार असतात. ड्रोन आणू नये. सारसाला तो शिकारी पक्ष्यासारखा भासतो आणि घरटे उघडे पडते.

मोजणीची सकाळ

उन्हाळी मोजणीचा सारा भर एकाच वेळी सगळीकडे माणसे असण्यावर आहे. गोंदियातील 'सेवा' ही संस्था वन विभाग, शेतकरी आणि स्वयंसेवकांना सोबत घेऊन गोंदिया, भंडारा आणि शेजारच्या मध्य प्रदेशातील बालाघाट जिल्ह्यात ही मोजणी करत आली आहे, आणि तिन्ही जिल्हे एकत्र धरण्यामागे साधे कारण आहे: बाघ आणि वैनगंगा या नद्या आपल्यासाठी सीमा आहेत, सारसासाठी त्या चराईच्या जागा आहेत.

जूनमध्ये गोंदियात सूर्य साडेपाचच्या सुमारास उगवतो. दोन-दोन जणांच्या गटाने त्याआधी पाऊण तास ठरलेल्या जागी पोहोचून बसावे. सारस रात्री उथळ पाण्यात उभे राहून झोपतात, त्यामुळे अंधारात तलावाच्या पाळीवर (बांधावर) चढून उभे राहिलात तर आकाशावर उमटलेली तुमची आकृती त्यांना आधी दिसते. पाळीच्या उतारावर, बेशरमाच्या झुडपामागे किंवा एखाद्या झाडाला टेकून बसावे आणि गप्प राहावे. एकाने फक्त पाहावे, दुसऱ्याने फक्त लिहावे; दोघेही पाहू लागले की लिहायचे राहून जाते.

झुंजूमुंजू होताना पहिली हाक येते. ती कुठल्या दिशेने आली याची वेळेसह नोंद करावी, पक्षी दिसो वा न दिसो. थोड्या वेळाने पक्षी पाण्यातून निघून चरायला जाऊ लागतात. प्रत्येक हालचालीची वेगळी ओळ लिहावी. उदाहरणार्थ: "५.४२, दोन प्रौढ, एक पिल्लू (डोके बदामी, कपाळावर फिकट लाल), तलावाच्या ईशान्य कोपऱ्यातून उडाले, दक्षिणेकडे गेले, नजरेआड ५.४४." ओळ कंटाळवाणी वाटते, पण संध्याकाळी शेजारच्या गटाच्या ओळींशेजारी ती ठेवल्यावर तिचे मोल कळते. नऊनंतर ऊन चढते, झळांमुळे ओळख बिघडते आणि गुरे, धुणी, मासेमारी यांची वर्दळ सुरू होते. तेव्हा निरीक्षण थांबवावे.

ज्या जागी काहीच दिसले नाही तिथेही पत्रक पूर्ण भरावे: किती वाजता बसलो, किती वाजता उठलो, हवा कशी होती, पाणी किती होते आणि सारस शून्य. 'गेलो आणि दिसला नाही' व 'गेलोच नाही' यांतला फरक कागदावर राहिला नाही, तर पुढच्या वर्षी त्या तलावावर दिसलेली जोडी नवी आली की जुनीच होती, हे कोणालाही सांगता येणार नाही. शून्याचे पत्रक भरायला नवे स्वयंसेवक लाजतात. परसवाडा किंवा झिलमिलीसारख्या नावाजलेल्या तलावांवर बसायला सगळे तयार असतात. मला विचाराल तर खरी गरज आडवाटेच्या बोडीवर बसून शून्य लिहिणाऱ्यांची आहे.

एकच पक्षी दोनदा

तिसऱ्या वर्षी माझ्या हातून एक चूक झाली. मी नदीच्या अलीकडच्या काठावर होतो. सहानंतर कधीतरी दोन प्रौढ आणि एक पिल्लू वाळूवर उतरले. मी आनंदाने "६ नंतर, दोन प्रौढ, एक पिल्लू, नदीपात्रात" असे लिहिले आणि घड्याळाकडे पाहिले नाही, ते कुठून आले हेही लिहिले नाही. पलीकडच्या काठावरच्या गटाने ६.१६ वाजता तितकेच पक्षी आपल्या डोहावरून आमच्या दिशेने उडताना नोंदवले होते. बेरीज करताना ते कुटुंब सहा पक्ष्यांचे झाले. संध्याकाळी पत्रके पसरून बसल्यावर कोणाच्या तरी ते लक्षात आले, पण माझ्या ओळीत वेळ नसल्यामुळे तेच पक्षी की दुसरे हे खात्रीने ठरवता आले नाही. शेवटी कमी आकडा धरला आणि माझ्या पत्रकावर शंकेची खूण पडली.

दोन जागांवरच्या पक्ष्यांचे संख्या आणि वय यांचे गणित जुळत असेल, एका जागेवरून ते निघाल्यावर दुसरीकडे पोहोचण्याइतका वेळ मध्ये असेल आणि दिशाही जुळत असेल, तर ते एकच धरावेत. दोन्ही ठिकाणी त्याच मिनिटाला पक्षी दिसत असतील तरच ते निश्चित वेगळे. पिल्लू असलेले कुटुंब ओळखायला त्यातल्या त्यात सोपे; सुट्या, जोडी न जमलेल्या तरण्या पक्ष्यांचे थवे सर्वाधिक गोंधळ करतात, म्हणून थव्याची मोजणी दोघांनी स्वतंत्रपणे करून मग आकडे पडताळावेत.

घरटे शोधावे, घरट्याकडे जाऊ नये

पावसाळी पाहणीतील हे सर्वांत नाजूक काम आहे. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ नुसार पक्षी, अंडी किंवा घरटे यांना उपद्रव करणे गुन्हा आहे. पण कायद्याच्या पलीकडेही एक व्यवहार आहे. धानातून माणूस एकदा घरट्यापर्यंत चालत गेला की त्याच्या मागे आडवी झालेली धानाची पट्टी राहते, आणि गावचे कुत्रे त्या वाटेने अंड्यांपर्यंत सहज पोहोचतात. शिवाय बसलेला पक्षी उठला की वर फिरणाऱ्या कावळ्याला अंडी दिसतात.

म्हणून घरट्याची जागा दुरून ठरवायची असते. आवाज हे पहिले साधन. शांत पहाटे जोडीची हाक किलोमीटरभराच्या पलीकडूनही ऐकू येते. दोन जणांनी एकमेकांपासून चार-पाचशे मीटरवर, गावरस्त्यावर किंवा पक्क्या पांदणीवर उभे राहावे आणि हाक येताच वेळ व दिशा अंशांत लिहावी. नकाशावर दोन्ही रेषा ओढल्या की त्या जिथे एकमेकींना छेदतात त्याच्या आसपास जोडी असते. सलग तीन-चार सकाळी छेद त्याच बांध्यांच्या पट्ट्यात पडत असेल, तर ती जोडी तिथे ठाण मांडून आहे असे समजायला हरकत नाही.

दुसरे साधन म्हणजे पाळी बदलण्याची वेळ. एका झाडाखाली बसून चरणाऱ्या एकट्या पक्ष्यावर दोन-तीन तास नजर ठेवावी. तो कधीतरी चरणे थांबवून मोजक्या पावलांनी धानात शिरतो, वाटेत थांबून इकडेतिकडे पाहतो आणि मग दिसेनासा होतो. थोड्याच वेळात त्याच जागेवरून दुसरा पक्षी उभा राहतो, पंख झाडतो आणि चालत बाहेर येतो. तो उभा राहिला ती जागा धुऱ्यावरचे एखादे मोहाचे झाड, विजेचा खांब किंवा शेतातली झोपडी यांच्या संदर्भाने वहीत रेखाटून ठेवावी. मी स्वतः दोनशे मीटरच्या आत जात नाही. पण अंतराच्या आकड्यापेक्षा पक्ष्याचे वागणे मानावे: चरणाऱ्याने मान ताठ करून तुमच्याकडे टक लावली, तर तुम्ही आधीच जास्त जवळ आला आहात, आणि तिथून आल्या पावली मागे फिरावे. अंडी किती आहेत हे मोजायचा मोह शेतकऱ्यावर सोडावा; निंदणीला किंवा पाणी पाहायला तो तसाही त्या बांधीत जातो, पक्ष्यांना त्याची सवय असते आणि त्याने सांगितलेला आकडा 'शेतकऱ्याच्या सांगण्यावरून' असा शेरा मारून लिहिता येतो.

अशा भेटीत परिसराचीही नोंद घ्यावी. घरट्यावरून किंवा चरायच्या जागेवरून विजेच्या तारा जातात का, कीटकनाशकाची फवारणी कधी झाली, बोडी बुजवली जाते आहे का, तलावाचा काठ बेशरमाने किती व्यापला आहे, वाळूचा उपसा सुरू आहे का, हे चार-पाच ओळींत पुरेसे होते. मेलेला सारस आढळला तर त्याला हात न लावता, तो तारेपासून किती अंतरावर पडला आहे हे दिसेल असे छायाचित्र काढून वन विभागाला कळवावे.

नोंद घरी आल्यावर

पत्रक त्याच दिवशी पूर्ण करून समन्वयकाकडे द्यावे. दोन दिवसांनी आठवून लिहिलेली वेळ अंदाजाचीच असते. खाडाखोड पुसू नये, आडवी रेघ मारून शेजारी दुरुस्ती लिहावी. घरट्याचे छायाचित्र किंवा जीपीएसचा बिंदू व्हॉट्सॲपच्या गटांवर टाकू नये आणि ई-बर्डसारख्या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर नोंद करायचीच असेल तर हंगाम संपल्यावर व जागा ढोबळ ठेवून करावी. हौशी छायाचित्रकारांच्या तीन गाड्या एका धुऱ्यावर उभ्या राहिल्याचे मी पाहिले आहे, आणि त्या घरट्याचा पत्ता आमच्यापैकीच एकाच्या फोनमधून बाहेर पडला होता.

हलके धान ऑक्टोबरात कापणीला येते आणि त्या वेळी उशिराच्या घरट्यातील पिल्लू अजून उडत नसते. ज्याच्या बांधीत घरटे होते त्या शेतकऱ्याकडे कापणीच्या आठवडाभर आधी जावे, पिल्लू दिसते का हे विचारावे आणि दिसत असेल तर तेवढा तुकडा शेवटी कापता येईल का, किंवा यंत्राऐवजी हाताने कापता येईल का, हे त्याच्याशी बोलून ठरवावे. जाताना त्याच्या शेतातल्या जोडीची आपण केलेली नोंद छापून न्यावी आणि त्याला वाचून दाखवावी. त्यात काही चुकले असेल तर तो तिथेच सांगतो. ती दुरुस्ती तारखेसह मूळ पत्रकावर चढवावी आणि डिसेंबरच्या फेरीत त्याच शिवारातून सुरुवात करावी.